मर्जी जुळत नाही

सन्मती मगदूम तिजोऱ्या विकायचा आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. सांगलीत गणपती पेठेत त्याचं दुकान. वडिलांच्या काळी तिथे लोखंडी कपाटांना कुलपं बसवून मिळत. आता काचेचं दार होतं, आत एसी होता आणि भिंतीला ओळीनं सात इलेक्ट्रॉनिक तिजोऱ्या मांडलेल्या होत्या. गिऱ्हाईक आलं की सन्मती आधी खुर्ची द्यायचा, मग चहा सांगायचा आणि मग त्याला व्यवस्थित घाबरवायचा. न घाबरलेला माणूस तिजोरी घेत नाही, हे तो पंचवीस वर्षांत शिकला होता.

घाबरवायला त्याच्याकडे एक हुकमी गोष्ट होती. विश्रामबागेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांची. बाईंच्या घरात अंगठ्यानं उघडणारी चांगली भक्कम तिजोरी होती. चोर काही घरात शिरला नाही. फोन आला. "तुमच्या नावचं पार्सल पकडलंय, पोलीस बोलतोय, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही." दोन दिवस बाई त्या फोनसमोर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं तिजोरी उघडली, सगळं सोनं लाडवाच्या डब्यात भरलं आणि दारात आलेल्या माणसाच्या हातात दिलं. वर त्याला पाणी हवं का म्हणून विचारलं.

"आता सांगा," सन्मती विचारायचा, "कुलूप फोडलं? नाही. अंगठा खोटा होता? नाही. मग तिजोरीनं बिचारीनं करायचं काय?"

गिऱ्हाईक गप्प झालं की तो उठून सातव्या तिजोरीपाशी जायचा. तिचं नाव 'मर्जी'.

मर्जीला किल्ली नव्हती, पाठ करायचा आकडा नव्हता. वीज गेली तरी बॅटरी दोन वर्षं चालायची, आणि दार उघडलं की मालकाच्या मोबाइलवर निरोप यायचा. पण हे सगळं बाकीच्या सहांमध्येही होतं. मर्जीच्या दारावर तळहाताएवढी एक काळी पट्टी होती, आणि खरी करामत त्या पट्टीत होती. माणूस दडपणाखाली आला की शरीर बोटांच्या टोकांतलं रक्त आवरून घेतं, त्यामुळे टोकं अंशभर गार पडतात. तळव्याला घाम सुटतो. तो एवढा थोडा असतो की आपल्याला कळत नाही, पण ओलसर कातडीतून वीज जास्त सहज वाहते आणि ते पट्टीला कळतं. तिसरी खूण गमतीची. निवांत माणसाचं काळीज घड्याळासारखं टिकटिकत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर श्वासागणिक जरासं कमी-जास्त होत असतं. मनावर ताण आला की हा सैलपणा जातो आणि ठोके कवायतीसारखे एकसारखे पडू लागतात.

हे सगळं ताप आल्यावर होईल, जिना चढल्यावर होईल, म्हणून मर्जी पहिले चाळीस दिवस मालकाचा हात नुसता शिकून घ्यायची. पुढे उघडताना दरवेळी ती तीन साधे प्रश्न विचारायची. आज वार कोणता, नाव काय, सकाळी काय खाल्लं. चौथा प्रश्न मात्र कामाचा. "कशासाठी उघडायची?" पहिल्या तीन उत्तरांच्या वेळचा हात आणि चौथ्या उत्तराच्या वेळचा हात ती ताडून बघायची. दोन्हींत फार फरक पडला तर लाल दिवा लागायचा आणि एक गोड आवाज म्हणायचा, "मर्जी जुळत नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा."

"यंत्राला लोभ कळत नाही, राग कळत नाही," सन्मती शेवटी सांगायचा. "तोंड एक बोलतंय आणि जीव दुसरीकडंच ओढतोय, एवढंच कळतं. पण ते मात्र बिनचूक कळतं बघा!"

सांगलीत त्यानं अशा दोनशेच्या वर तिजोऱ्या बसवल्या. पहिली बसवली होती आईच्या खोलीत.

आई जानेवारीत गेली. तिचे दागिने त्या तिजोरीतच होते. मोहनमाळ, चार पाटल्या, बोरमाळ, तोडे आणि मोत्यांची नथ. तिजोरी बसवतानाच आईनं त्याला सांगितलं होतं, "माझ्यामागं ही दोघांच्या हातानं उघडू दे. तुझ्या आणि पमाच्या." सन्मतीनं तशी सोय करून दिली. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अक्का दीड महिना येऊन राहिली होती, तेव्हाच तिजोरीनं तिचा हात शिकून घेतला.

अक्का म्हणजे पद्मजा, आईची पमा, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, निपाणीला दिलेली. आता सन्मतीच्या मुलाचं, श्रेणिकचं, लग्न ठरलं होतं. आईचं सगळं सोनं नव्या सुनेच्या अंगावर घालायचं, असं सन्मतीनं आणि त्याच्या बायकोनं, राजश्रीनं ठरवलं. अक्काला फोन केला. अक्का म्हणाली, "घाला की! माझी कुठं ना आहे?" सन्मती तिला आणायला गाडी पाठवत होता, पण ती रविवारी एसटीनंच आली. येताना चौदा शेंगाच्या पोळ्या बांधून आणल्या.

दुपारी जेवणं झाल्यावर तिघं आईच्या खोलीत गेली. राजश्रीनं लाल मखमलीचा कपडा पलंगावर अंथरून ठेवला होता.

अक्कानं पदराला हात पुसून पट्टीवर ठेवला.

"आज वार कोणता?"

"रविवार."

"आपलं नाव?"

"पद्मजा. आता माहेरचं सांगू का सासरचं गं, बाई?" अक्का म्हणाली आणि राजश्री खुदकन हसली.

"सकाळी काय खाल्लं?"

"उप्पीट."

"कशासाठी उघडायची?"

"आईचे दागिने भाचसुनेला द्यायला," अक्का म्हणाली. "खुशीनं देतीय."

लाल दिवा लागला. "मर्जी जुळत नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा."

अक्काचा चेहरा एवढासा झाला. "काय झालं रे? मी काय चुकीचं बोलले का?"

"छे गं! प्रवासानं होतं असं," सन्मती म्हणाला. गिऱ्हाइकांनाही तो हेच सांगायचा. त्यानं अक्काला पंख्याखाली बसवलं, कोमट पाण्यात हात बुडवायला लावले, चहा दिला. अर्ध्या तासानं पुन्हा लाल. मग अक्कानं स्वतःच णमोकार मंत्र म्हटला, डोळे मिटून दहा श्वास घेतले आणि हात ठेवला. वार, नाव, उप्पीट, सगळं झकास गेलं. "भाचसुनेला द्यायला" म्हटलं की लाल.

राजश्रीचा धीर सुटत चालला. तिनं सन्मतीला दारापाशी घेतलं. "अहो, तुमच्याकडं दुकानदाराचं कार्ड आहे ना? त्यानं उघडते की."

कार्ड होतं. त्याच्या पाकिटातच होतं. मालक बेशुद्ध पडला किंवा पट्टी बिघडली तर वापरायचं. कार्डानं दार उघडलं असतं आणि तिजोरीच्या नोंदीत एक ओळ कायमची बसली असती, 'मालकाच्या मर्जीशिवाय उघडली'. ती ओळ कंपनीलाही दिसली असती. पण सन्मतीला कंपनीची भीती नव्हती. अक्का तिथे बसून ऐकत होती, याची त्याला लाज वाटली.

"उघड की कार्डानं," अक्का पलंगावरून म्हणाली. "मी काय नको म्हणतीय का? ह्या डबड्यालाच काहीतरी झालंय."

डबडं! सन्मतीला ते झोंबलं. गेली तीन वर्षं तो सगळ्या गावाला सांगत होता की हे यंत्र चुकत नाही. आता आपल्याच घरात ते बिघडलंय म्हणायचं? तो पाकीट हातात धरून उभा राहिला आणि मग ते परत खिशात घालून अक्कासमोर स्टुलावर बसला.

"अक्का, ते बिघडलेलं नाही. तुला द्यायचं नाहीये का?"

"द्यायचंय रे!"

"मग?"

अक्का मखमलीचा कपडा चाचपत बसली. मग म्हणाली, "भीती वाटती."

"कसली?"

"नाही म्हटलं तर तू बोलायचा बंद होशील ह्याची. आई होती तोवर यायला कारण होतं. आता दिवाळीला मला कोण बोलावणार? तूच ना? मग तुला कशाला दुखवू? फोनवर तू सांगितलंस तेव्हाच पोटात गोळा आला होता. मोहनमाळ मला हवी होती. आईनं ती कायम अंगावर घातली. तिचा वास असंल तिला अजून."

"मग तसं सांगायचं की!"

"कसं सांगू? तू विचारलंस कुठं? तू ठरवलंस आणि मला कळवलंस." अक्काचा आवाज चढला. चढला आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "बाबा गेल्यावर घराच्या कागदाचं तसंच केलंस. हक्कसोड करायचं म्हणालास. सगळ्याच बहिणी करतात म्हणालास. गाडी पाठवलीस, ऑफिसात पंख्याखालची खुर्ची दिलीस, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलंस. आठ ठिकाणी सह्या केल्या मी. घरी जाताना साडी दिलीस आणि पेढे. तुझे दाजी म्हणाले, छान केलंस, माहेर राहिलं. मी दोन दिवस जेवले नाही, हे कुणाला माहीत आहे? त्या साहेबाच्या टेबलावर हे तुझं डबडं असतं ना, तर माझी एकसुद्धा सही उमटली नसती!"

सन्मतीला त्या दिवशीची अक्का नीट आठवत होती. किती शांत बसली होती! त्यानं तेव्हा शेटे वकिलांना कौतुकानं सांगितलंही होतं, आमची अक्का म्हणजे एका शब्दानं नडणारी नाही. एकसारखे ठोके पडणारा माणूस बाहेरून असाच शांत दिसतो, हे तोच दुकानात उभा राहून लोकांना शिकवायचा.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "उठ. निम्मं निम्मं करू. सगळं."

"अहो!" राजश्री म्हणाली.

"निम्मं निम्मं," सन्मती ठामपणे म्हणाला. "अक्का, ठेव हात."

अक्कानं हात ठेवला. रविवार, पद्मजा, उप्पीट. "आईचे दागिने दोघांत सारखे वाटायला." हिरवा दिवा लागला. अक्कानं सुटकेचा श्वास सोडला.

आता सन्मतीची पाळी. त्यानं बाही सारली. रविवार. सन्मती. उप्पीट. "आईचे दागिने दोघांत सारखे वाटायला."

"मर्जी जुळत नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा."

राजश्रीनं तोंडाला पदर लावला. हसू आवरायला की रडू, हे तिचं तिलाच ठाऊक. सन्मती त्या लाल दिव्याकडे बघत राहिला. कान तापले त्याचे. पुन्हा हात ठेवला, पुन्हा लाल. एवढा वेळ आपण मोठ्या मनाचे झालो म्हणून आतल्या आत जरा फुशारत होता, आणि भिंतीतल्या त्या पेटीनं त्याला बहिणीसमोर उघडं पाडलं.

अक्का मात्र खो-खो हसायला लागली. "अरे सन्म्या! लहानपणी पेरू वाटताना असंच करायचास. निम्मा म्हणायचास आणि मोठा तुकडा मुठीत धरायचास."

"हसू नकोस गं."

"मग खरं सांग की."

"नाही द्यायचं मला," सन्मती एकदम बोलून गेला. "निम्मं नाही द्यायचं! आईचं दोन वर्षं कुणी केलं? राजश्रीनं केलं. अंथरूण, न्हाणं, औषधं, सगळं. तू दीड महिना आलीस आणि प्राण सोडताना आईनं तुझ्याच हातात हात दिला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला राग आहे त्याचा."

"आता कसा बोललास!" अक्का म्हणाली, आणि मग तिनंही त्याला सोडलं नाही. सासूचं आजारपण, दाजींची नोकरी गेली ते वर्ष, निपाणीहून निघायला कुणाकुणाची परवानगी लागायची, सगळं बाहेर आलं. राजश्रीही मागं राहिली नाही. "वन्सं, मला कधी कुणी बरं म्हटलं का ह्या घरात?" असं म्हणून ती रडली, आणि अक्का उठून तिच्याजवळ जाऊन बसली. तासभर तिघं भांडली. शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला, एवढी भांडली.

शेवटी ठरलं ते असं. मोहनमाळ अक्काला. पाटल्या राजश्रीला, दोन वर्षं आईचं केलं त्याच्या. तोडे आणि बोरमाळ सुनेला. नथ सन्मतीनं स्वतःकडे ठेवायची. पुरुषमाणसानं नथ घेऊन काय करायचं, असं राजश्रीनं विचारलं. "माझी आई होती ती," तो म्हणाला. निम्म्याचा हिशेब कुठंच बसत नव्हता. दोघांनी ते वाटप जसंच्या तसं म्हणून दाखवलं. दोन्ही वेळा हिरवा दिवा लागला आणि दार हळूच पुढं आलं.

मोहनमाळ अक्कानं नाकाशी धरली. "वास गेला की रे," ती म्हणाली. तरी तिनं ती तिथंच गळ्यात घातली.

चहाच्या वेळी सन्मती म्हणाला, "घराचं राहिलं."

"कशाचं?"

"निम्मं घर तुझ्या नावावर करतो. बक्षीसपत्र करू."

अक्कानं कप खाली ठेवला. "उगं काहीतरी बोलू नकोस. चल, हात ठेव बघू त्याच्यावर."

"तिजोरी उघडीच आहे."

"लावून घे आणि ठेव. कशासाठी म्हणून विचारलं की हे सांग."

सन्मतीनं दार लावलं. हात ठेवला. वार, नाव, उप्पीट. "निम्मं घर अक्काच्या नावावर करायला." निकाल काय लागणार हे त्याला ठाऊक होतं. ह्या घराला त्यानं दोनदा रंग दिला होता, गच्ची पाडून पुन्हा बांधली होती, श्रेणिकसाठी वरची खोली काढली होती. ती फरशी न् फरशी त्याच्या डोळ्यांपुढून गेली. दिवा लाल लागला.

"बघ," अक्का म्हणाली, पण तिच्या आवाजात राग नव्हता. "नको. तुझ्या मनात नाही ते मला नको."

"मनात नाहीच आहे," सन्मती म्हणाला. "मी कुठं आहे म्हणतोय? पण तुझ्याही मनात नव्हतं आणि मी ते घेतलं. करणार म्हणजे करणार. हे यंत्र चोरांसाठी आहे अक्का. काय बरोबर आणि काय नाही, ते त्याला विचारायचं नसतं."

राजश्री आत भांडी आदळत होती. ती चार दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "वरची खोली तेवढी श्रेणिकला राहू दे म्हणावं," आणि ते मान्य झालं.

पुढच्या महिन्यात दुय्यम निबंधक कार्यालयात शेटे वकिलांनी कागद वाचून दाखवला. "सदरचे बक्षीसपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता..."

"तो शब्द काढता येईल का?" सन्मतीनं विचारलं.

"कोणता?"

"राजीखुशीने."

वकिलांनी चष्म्यावरून बघितलं. "ठरलेला मजकूर आहे मगदूमसाहेब. तो काढला तर दस्त नोंदवून घ्यायचे नाहीत. का, काही अडचण आहे का?"

"काही नाही," सन्मती म्हणाला, आणि जिथं वकिलांनी बोट ठेवलं तिथं एकेक सही करत गेला. शेवटच्या पानावर अंगठा दिला. बोटांची टोकं गार पडली होती.

बाहेर आल्यावर अक्कानं त्याच्याकडे निरखून बघितलं. "पोटात गोळा आलाय?"

"आलाय."

"मलाही आला होता. ह्याच पायऱ्यांवर."

"मग गेला कधी?"

"कुठला जातोय! सहा वर्षं झाली." अक्कानं त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागली. "तुझा जाईल. मी रोज फोन करून विचारेन ना, गेला का म्हणून. मला कुणी विचारलंच नव्हतं रे."